नुसती लिंक नको, आठवणही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचकांच्या पत्रांत बहुतेक वेळा तक्रारी असतात आणि त्या असायलाच हव्यात, पण माझी आज तक्रार नाही, एक मागणी आहे. वाचकांनी आपलं आवडतं गाणं आणि त्या गाण्याची आठवण लिहून पाठवायची, रोज एक, आठ-दहा ओळींची, अशी छोटीशी जागा पेपरात सुरू करा. का म्हणतेय ते जरा सविस्तर सांगते, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी गाणी येतात. कोणी ना कोणी लिंक टाकतं, खाली चार अंगठे, एखादा "वा!", की संपलं, गाणं कोणी ऐकलं की नाही तेही कळत नाही. मध्ये एकदा माझ्या थोरल्या काकांनी लिंकखाली चार ओळी लिहिल्या, की हे गाणं शेजारच्या घरातून ऐकू यायचं, आमच्याकडे तेव्हा रेडिओ नव्हता, अभ्यासाचं पुस्तक हातात धरून भिंतीपाशी बसायचो आणि शेवटचं कडवं कधीच ऐकायला मिळायचं नाही कारण तेवढ्यात तिकडे कोणीतरी रेडिओ बंद करायचं. बस एवढंच लिहिलं होतं. त्या दिवशी ग्रुपवर संध्याकाळपर्यंत सगळे बोलत होते, जी मुलं एरवी एक शब्द टाकत नाहीत त्यातल्या एकीने विचारलं, काका मग ते कडवं ऐकलं कधी? काका म्हणाले, नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात ट्रान्झिस्टर घेतला तेव्हा. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं, इतकी वर्षं एकत्र काढून.

तेव्हापासून मला सारखं वाटतंय की आपण गाणी शेअर करतो खरी पण जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. फोनवर जे गाणं मिळतं ते स्वच्छ, पूर्ण, सगळ्यांसाठी एकच. आपल्या डोक्यात असतं ते तसं नसतंच मुळी. माझंच बघा, मी कॅसेटच्या काळातली. ही छोटी कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली, माझ्या हातात यायला बराच काळ गेला पण आली आणि मग मी तिला सोडलंच नाही. रेडिओवर आवडतं गाणं लागेल म्हणून रेकॉर्डचं बटण आधीच दाबून, पॉझवर बोट ठेवून बसायचं, निवेदक बोलायचा थांबला की बोट उचलायचं. तो कधीकधी गाणं सुरू झालं तरी बोलतच राहायचा आणि मग त्याचं बोलणंही कॅसेटमध्ये कायमचं जाऊन बसायचं. सी-६० असेल तर एका बाजूला अर्धा तास, सी-९० असेल तर पाऊण तास, त्यामुळे बाजूचं शेवटचं गाणं हमखास मधेच तुटायचं. एक गाणं आहे, त्याचा दुसरा अंतरा अर्धा झाला की माझ्या कॅसेटची बाजू संपायची, खट्ट असा आवाज व्हायचा. आज तेच गाणं कुठेही लागलं की त्या शब्दापाशी मी खट्टची वाट बघते आणि गाणं आपलं पुढे जातं. हे मी कुणाला लिंक पाठवून कसं सांगणार? सांगायचं तर लिहूनच सांगावं लागेल ना.

माझ्या आधीच्या पिढीचं वेगळं. त्यांच्याकडे मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी, दहा इंची असेल तर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून गाणंही तेवढंच. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी आली, तिच्या एका बाजूला वीस मिनिटांच्या वर संगीत मावायला लागलं, तरी गाण्याची तीन-चार मिनिटांची सवय काही गेली नाही. माझ्या मागून आलेल्यांना वॉकमन मिळाला (तो १९७९ चा), मग सीडी, मग एमपीथ्री, आता सगळं फोनमध्ये. प्रत्येक पिढीचं गाणं कुठल्या ना कुठल्या वस्तूला चिकटलेलं असतं आणि आठवण सांगताना ती वस्तू आपोआप येतेच. पण माझ्या मते यातला सगळ्यात मोठा बदल यंत्रांचा नाही. पूर्वी खोलीत गाणं लागलं की ते खोलीतल्या सगळ्यांचं व्हायचं, आवडो न आवडो. आता एका खोलीत चार जण चार इयरफोन लावून बसलेले असतात, शेजारच्याच्या कानात काय चाललंय ते विचारल्याशिवाय कळायचं नाही, आणि आपण विचारत नाही.

आता ते नेहमीचं भांडण. आमच्या वयाची माणसं म्हणतात आजकालच्या गाण्यांत काही राम नाही, मुलं म्हणतात तुमची गाणी रडकी. मला हे दोन्ही पटत नाही. माणसाला आयुष्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय आणि साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी जास्त ठळक राहतात असं पुन्हापुन्हा दिसलंय, गाण्यांचंही तसंच. म्हणजे पंधराव्या वर्षी ऐकलेलं गाणं आपल्याला ग्रेट वाटतं ते गाणं ग्रेट असतं म्हणूनच असं नाही, आपण पंधरा वर्षांचे होतो म्हणूनही असतं. कॅलिफोर्नियातल्या पेट्र जनाटा नावाच्या संशोधकाने २००९ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात लोकांना ते स्वतः ८ ते १८ वर्षांचे असताना गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्या गाण्याबरोबर स्वतःची आठवण जागी व्हायची त्या वेळी कपाळामागचा मेंदूचा भाग जास्त काम करताना दिसला. गाणं आणि आपली गोष्ट तिथे एकमेकांना येऊन मिळतात, असं मी तरी ते समजून घेतलंय.

याहून मला आवडलेला अभ्यास कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल यांचा, २०१३ चा. त्यांनी विशीतल्या मुलामुलींना १९५५ ते २००९ या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. अंदाज असा की मुलांना आपल्याच काळातली गाणी जवळची वाटणार, ती वाटलीच, पण त्यांचे आई-वडील तरुण असतानाची गाणीही त्यांना ओळखीची निघाली, आवडली, त्यांच्या आठवणीसुद्धा निघाल्या. आणि १९६० च्या दशकातल्या गाण्यांचंही थोडंफार तसंच, ती बहुधा आजी-आजोबांकडून आली असावीत. म्हणजे घरात जे वाजतं ते मुलांच्या आत जाऊन बसतं, मुलं तोंड वाकडं करत असली तरी. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं आणि काळजीही वाटली, कारण ती मुलं घरात मोठ्याने गाणी वाजायची त्या काळात वाढलेली होती.

माझ्या आत्याबद्दल सांगते. शेवटच्या काळात तिला माणसं ओळखू येत नव्हती, मला ती कधी बहिणीच्या नावाने हाक मारायची कधी मारायचीच नाही. एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावताना सहज काहीतरी गुणगुणत होते, मला धृपदच येत होतं, ते संपल्यावर मी थांबले तर पुढचा अंतरा तिने म्हटला. अख्खा, एक शब्द न चुकता, मान डोलवत. मग म्हणाली "तू चुकीच्या चालीत म्हणतेस" आणि मला दोनदा म्हणून दाखवलं. २०१५ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की खूप जुनी गाणी जिथे साठलेली असतात तो मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानाने बराच कमी झिजतो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मला फक्त आत्या परत भेटल्यासारखं झालं. पण तिने ते गाणं कुठे ऐकलं, कुणाबरोबर ऐकलं, चाल तिला कुणी शिकवली, हे विचारायला तोवर उशीर झाला होता. म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते की आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना आत्ताच विचारा, तारीख नसली आठवत तरी चालेल, फक्त कुणाबरोबर ऐकलं तेवढं विचारा.

आणि कुणाकडे जुन्या घरगुती कॅसेटी असतील तर कृपा करून टाकू नका. स्पीकरजवळ, उन्हात ठेवू नका, खूप वर्षं पडून असेल तर वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या म्हणजे टेप सुटी होते, सी-१२० असेल तर जास्तच जपून कारण तिची टेप फार पातळ असते. वरच्या कडेचे दोन छोटे तुकडे मोडून टाका म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली की सगळं उतरवून घेता येतं. उतरवताना गाण्यांच्या मधलं कापू नका. गाणी तर कुठेही मिळतील, पण मधे कुणीतरी खोकलेलं असतं, आई "आवाज कमी कर" म्हणालेली असते, लहान भावाने टेपमध्ये स्वतःचं नाव सांगितलेलं असतं, ते फक्त त्या एकाच कॅसेटमध्ये आहे.

तर मागणी अशी. गाण्याची पहिली ओळ, कुठे ऐकलं, तेव्हा वय काय होतं, बरोबर कोण होतं, एवढं लिहिलं की पुरे. गाणं कुठल्याही भाषेतलं चालेल, सिनेमातलं चालेल, जाहिरातीतलं चालेल, शाळेत म्हटलेलं चालेल. वयाची अट नको, सोळा वर्षांच्या मुलाने मागच्या वर्षीच्या गाण्याची आठवण लिहिली तर तीही छापा, त्याच्यासाठी ती जुनीच आहे. जुनं चांगलं की नवं यावरची पत्रं मात्र त्या जागेत घेऊ नका, त्यासाठी बाकीचा पेपर आहे. आणि ज्यांना लिहिता येत नाही किंवा हात थरथरतो त्यांच्या वतीने घरातल्या कुणी लिहून पाठवलं तर खाली दोघांची नावं द्या.

काकांना मी विचारलंय, ते लिहायला तयार आहेत. माझी कॅसेटची आठवण वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहे, जागा सुरू केलीत तर आधी काकांची घ्या, माझी नंतर आली तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक