खाण बंद पडते तेव्हा आधी युनियन जाते, मग मत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोळसा खाणीतल्या लोकांच्या मतांबद्दल आपल्याकडे काही छापून आलं की सूर बहुतेक ठरलेलाच असतो, अमेरिकेतले खाण कामगार ट्रम्पच्या थापांना भुलले, इंग्लंडमधले ब्रेक्झिटवाल्यांना भुलले आणि आपल्याच पायावर धोंडा मारून बसले. मी लालबागमध्ये वाढलोय, वडील गिरणीत होते, आणि मला हे अजिबात पटत नाही. या लोकांच्या पाठीशी जे उभं होतं ते आधी कोसळतं आणि मत त्यानंतर हलतं, हा मधला भाग कुणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र.

वेस्ट व्हर्जिनियाचंच घ्या. १९३२ ते १९९६ या काळात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हे राज्य फक्त तीनदा रिपब्लिकन पक्षाकडे गेलं, एवढा तो डेमोक्रॅट लोकांचा गड होता. २००० मध्ये बुश तिथे जिंकले आणि तेव्हापासून ते राज्य परत फिरलंच नाही, २०१६ मध्ये तर ट्रम्पना ६८ टक्के मतं आणि डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांना एकही काउंटी (जिल्हा) नाही. त्या वर्षी मार्चमध्ये त्या बोलल्या होत्या की बऱ्याच खाण कामगारांचा आणि कोळसा कंपन्यांचा धंदा आपण बंद करणार आहोत. त्याला लागूनच या कामगारांना विसरून चालणार नाही असंही त्या म्हणाल्या होत्या, पण पहिलं वाक्य ऐकल्यावर दुसरं कोण ऐकतंय.

पण नोकऱ्या काय २०१६ मध्ये गेल्या नाहीत. १९२३ च्या सुमाराला अमेरिकेत साडेआठ लाखांच्या आसपास खाण कामगार होते, १९८५ पर्यंत ते पावणेदोन लाखांच्या आत आले आणि आता चाळीस-पंचेचाळीस हजार उरलेत, आणि यातली बहुतेक घसरण हवामान बदलाचं नाव कुणी काढायच्या आधीची आहे, कारण मशीन आलं, डोंगराचा माथाच सुरुंगाने उडवायची पद्धत आली, वायोमिंगमधल्या उघड्या खाणींचा स्वस्त कोळसा आला आणि शेवटी फ्रॅकिंगचा, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून काढलेला गॅस आला. १९५० साली युनियनचे नेते जॉन एल. लुईस यांनी स्वतःच मालकांशी करार केला होता की मशीन आणा, माणसं कमी झाली तरी चालेल, पण टनामागे आमच्या वेल्फेअर फंडात पैसे टाका. त्या पैशातून युनियनने अॅपलाचियाच्या, म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया आणि आसपासच्या डोंगरात दहा हॉस्पिटलं उभी केली, १९५६ मध्ये ती सुरू झाली, आणि थोड्याच वर्षांत फंड आटल्यावर हातातून गेली. म्हणजे आजारपणात कुठे जायचं, नुकसानभरपाईचा अर्ज कसा भरायचा, मत कुणाला द्यायचं, हे सगळं ज्या एका ठिकाणी कळायचं ते ठिकाणच नाहीसं झालं. मध्य अॅपलाचियात पंचवीस वर्षं खाणीत काढलेल्या पाचातल्या एका माणसाच्या छातीत आजही कोळशाच्या धुळीचा आजार सापडतो, आणि तिथे हवेबद्दल बोलायला येणारा माणूस त्याच्या छातीबद्दल एक शब्द काढत नाही.

आता गिरणगाव बघा. आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर युनियनची एक खोली होती, दहा बाय दहाची, पोपडे आलेल्या भिंती, एक लांब बाकडं, एक लोखंडी कपाट. दुपारी पहिली पाळी सुटली की तिथे गर्दी व्हायची, कुणाची बदली कामगाराची अडचण, कुणाचा ईएसआयचा कागद अडकलेला, कुणाच्या पोरीची शाळेतली अॅडमिशन, आणि एक काका फुलस्केप कागदावर सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचे, खाली अंगठा नाहीतर सही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी मागे घेतला असं कुणी जाहीर केलंच नाही, नुसती माणसं विरत गेली. कुणी कोकणात परत गेलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणाच्या आईचं मंगळसूत्र सावकाराकडे गेलं ते गेलंच. १९८४ च्या लोकसभेला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेतसुद्धा इथल्या लोकांनी संपाचे नेते दत्ता सामंतांना निवडून दिलं, म्हणजे संप हरल्यात जमा होता तरी माणसं त्यांच्यामागे होती. पण त्या खोलीला कुलूप लागलं आणि ते काका गावी गेले, मग तेच अर्ज शिवसेनेच्या शाखेत लिहून मिळायला लागले. १९८५ मध्ये महापालिका शिवसेनेकडे गेली. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर १९७० च्या पोटनिवडणुकीत परळची जागा सेनेने जिंकली होती, तेव्हा सुरुवात आधीच झाली होती हे खरं, पण घराघरातला लाल बावटा उतरला तो संपानंतर. याला लोक भुलले म्हणायचं? रात्री बारा वाजता पोराला केईएमला न्यायचं असेल तर जो दार उघडतो त्याला माणूस मत देतो, यात भुलण्यासारखं काय आहे.

त्याच काळात, मार्च १९८४ ते मार्च १९८५, इंग्लंडमध्ये खाण कामगारांचा संप चालला आणि थॅचरबाईंनी तो मोडला. पुढे खाणी एकेक करून बंद पडत गेल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये तिथली शेवटची खोल खाण केलिंगलीसुद्धा बंद झाली. आणि मत कधी फिरलं? २०१९ मध्ये. बोल्सोव्हर या खाणींच्या मतदारसंघातून १९७० पासून निवडून येणारे लेबर पक्षाचे डेनिस स्किनर, जे स्वतः खाणीत काम केलेले, ते थॅचरबाईंच्याच पक्षाकडून हरले. मधली तीस-पस्तीस वर्षं तिथले लोक लेबर पक्षाला मत देतच होते आणि पक्ष त्यांना गृहीत धरत होता. २०२४ मध्ये ती जागा लेबरकडे परत आली, पण मे २०२५ मध्ये डरहॅम या दुसऱ्या जुन्या खाण भागाची काउंटी कौन्सिल उजव्या रिफॉर्म पक्षाने घेतली. ही मतं कुणाच्याच बापाची राहिलेली नाहीत.

पैसे दिले की प्रश्न मिटतो असंही नाही. जर्मनीने कोळसा सोडण्यासाठी खाणींच्या भागांना ४० अब्ज युरोपर्यंत द्यायचं ठरवलंय, २०३८ ची मुदतही ठेवलीय, तरी पूर्व जर्मनीतल्या लाउझिट्झ या कोळसा भागात एएफडी हा कडवा उजवा पक्ष जोरात आहे, कारण तिथल्या बहुतेक नोकऱ्या १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाल्यावर थोड्याच वर्षांत गेल्या, तरुण पोरं पश्चिमेला गेली, आणि पैसा आला तो तीस वर्षं उशिरा.

म्हणून मला काळजी आहे ती आपल्या विदर्भातल्या खाणींच्या गावांची, चंद्रपूर, वणी, घुग्घुस, राजुऱ्याची. कुणी म्हणेल भारतात कुठे कोळसा कमी झालाय, २०२४-२५ मध्ये देशाने १०० कोटी टनांचा आकडा ओलांडला, आणि ते बरोबर आहे. पण कोल इंडिया या सरकारी कंपनीत एकेकाळी सहा लाखांच्या वर कायम कामगार होते ते आता सव्वादोन लाखांच्या आसपास आलेत, म्हणजे कोळसा वाढतोय आणि कामगार घटतोय, अमेरिकेत अगदी हेच झालं होतं. भूमिगत खाणी बंद होतात, उघड्या खाणीत डंपर चालवणारा असतो कंत्राटी, त्यातला कितीतरी जण दुसऱ्या राज्यातला, त्याचं नाव इथल्या मतदार यादीत नाही, म्हणून इथल्या उमेदवाराला त्याची पर्वा नाही. आणि ज्याची शेती गेली तो प्रकल्पग्रस्त, दोन एकरामागे एक नोकरी या हिशोबाने बाप कामाला लागला, पण पोराला देण्यासारखी ना जमीन राहिली ना नोकरी. खाण बंद करण्याचा प्लॅन आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात, पैसे हवेत अशी गाइडलाइन २००९ पासून आहे, पण तिचा भर सुरुवातीपासून खड्डा बुजवणं आणि झाडं लावणं यावर राहिला, माणसाचं पुढे काय हे त्यात हरवत आलं.

गिरण्यांच्या वेळी आपण हेच केलं. जमिनीचं काय करायचं याचे नियम १९९१ मध्ये आले, २००१ मध्ये बदलले, टॉवर उभे राहिले, आणि गिरणी कामगार आज सत्तरी-ऐंशी ओलांडून घरासाठी आझाद मैदानात बसतोय आणि त्याला सांगतात मुंबईबाहेर लांब शेलू-वांगणीला जा.

मुंबईत बसून कोळसा बंद करा म्हणणं सोपं आहे, मीही म्हणतो की धूर कमी व्हायलाच पाहिजे, पण आपले पंखे आणि लोकल ज्या विजेवर चालतात त्यात विदर्भाचा कोळसा आहे, तेव्हा तिथल्या माणसांचा हिशोब आपलाही आहे. माझी तुम्हाला विनंती आहे की निवडणुकीची वाट न बघता एक रिपोर्टर आत्ताच घुग्घुस-राजुऱ्याला पाठवा. कुठली खाण कधी बंद होणार, तिथे कायम किती आणि कंत्राटी किती, कंत्राटी माणसाचा पीएफ भरला जातो का, आणि युनियनच्या ऑफिसात संध्याकाळी कुणी बसतं का, एवढं छापा, आणि मग तिथल्या सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना तो पेपर हातात देऊन उत्तरं मागा.

आपला एक वाचक,
लालबाग, मुंबई