टँकरच्या टपावरचा दिवा मागून कुणाला दिसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी शिरवळजवळ हायवेला लागूनच ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज चालवतो, एकवीस वर्षं झाली, सेल्फ, डायनामो, वायरिंग असली कामं. पत्र लिहायची सवय नाही त्यामुळे इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. पेपरात अधूनमधून बातमी येते की डिव्हायडरच्या झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरला मागून गाडी धडकली, आणि शेवटची ओळ ठरलेली, भरधाव वेगामुळे चालकाचे नियंत्रण सुटले. असेल सुटलं. पण त्या टँकरला दिवा होता का, होता तर कुठं होता, चालू होता का, हे काही छापून आलेलं मी वाचलेलं नाही. आणि हे दिवे बसवणारे आमच्यासारखेच गॅरेजवाले, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आमच्या ह्या रस्त्यावर मधे कण्हेर आणि बोगनवेल लावलीय. कण्हेर सहजासहजी मरत नाही पण फेब्रुवारी ते मे तिलाही पाणी लागतंच. झाडं मधे म्हणजे टँकर चालणार उजव्या लेनमधून, म्हणजे आपल्याकडे सगळ्यात जोरात पळणाऱ्यांच्या लेनमधून, आणि चालणार माणसाच्या चालीनं, ताशी ४-५ किलोमीटर, मागे एक पोरगा पाईप धरून. मागून येणारा ८० नं येतो, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. रस्ते आखणारे इंजिनिअर समोरचं दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे ५५ मीटर नुसते कळण्यातच गेले. हे धरून गाडी पूर्ण थांबायला ८० च्या स्पीडला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर असा त्यांचा हिशोब आहे, तो पण टायर ब्रेक धड असतील तर. आता विचार करा, पुढे एक लक्झरी बस चाललीय, तिच्या मागे तुम्ही, आणि ती बस ऐन वेळी डावीकडे कट मारून निघून जाते आणि समोर टँकरचा मागचा गोल पत्रा. खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर साताऱ्याकडून पुण्याला येताना ते एस वळण लागतं तिथं तर वळणापलीकडचं काही लवकर कळतच नाही.

तर परवाचीच गोष्ट. सकाळी सकाळी असाच एक टँकर टोचन करून आणला, सेल्फ उचलत नाही म्हणून. ड्रायव्हर उतरल्या उतरल्या म्हणाला, मिस्त्री तो वरचा दिवा आधी काढून टाका, बॅटरी खातोय तो. मालकानं पण फोनवर तेच सांगितलं. मी म्हटलं थांबा जरा. गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. हायड्रोमीटर (बॅटरीतलं ॲसिड किती दाट आहे ते मोजायची नळी) लावला तर एक बॅटरी १२६० दाखवतेय, म्हणजे भरलेली, आणि दुसरी ११५०, म्हणजे जवळजवळ रिकामी. केबिनच्या टपावर गोल फिरणारा पिवळा दिवा होता, आत हॅलोजन बल्ब आणि तो १२ व्होल्टचा! ज्यानं कुणी बसवला त्यानं सरळ एका बॅटरीवरून वायर उचलली होती, कारण १२ व्होल्ट तिथंच मिळतात. आता ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर खाणार, आणि खाणार एकाच बॅटरीतून. इंजिन चालू असताना अल्टरनेटर मात्र दोन्हीला सारखाच चार्ज देतो, त्याला काय माहीत कोण उपाशी आहे. मग एक कधी भरत नाही आणि दुसरी भरून ओसंडते, तिचं पाणी उकळून आटतं. दोन महिन्यात दोन्ही बॅटऱ्यांची वाट. आणि नाव कुणाचं, तर दिव्याचं. दिवा काढून टाकला की मालक खुश, पैसे वाचले म्हणून. अशा कारणानं दिवे निघालेल्या गाड्या माझ्याच गॅरेजला पाच-सहा तरी येऊन गेल्यात.

पण खरी गंमत पुढंच आहे. बॅटरी बदलून गाडी चालू केली, दिवा लावला, मस्त फिरायला लागला. मी ड्रायव्हरला म्हटलं चला जरा, आणि गाडीच्या मागे शंभर पावलं चालत गेलो. म्हटलं आता दाखवा दिवा. तो बघतोय. मी बघतोय. दिवा कुठंच नाही! टाकी केबिनपेक्षा हातभर उंच, त्यावर झाकणाचा कठडा, त्याच्यामागे दिवा लपला. लांब गेलं तर दिसेल म्हणाल तर तेही नाही, कारण कारमधल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सव्वा मीटरवर, त्याला टाकीच्या पलीकडचं कसं दिसणार, एक किलोमीटर मागे गेला तरी नाही. तो दिवा तीन वर्षं फिरत होता आणि दिसत होता फक्त समोरून येणाऱ्यांना, जे डिव्हायडरच्या पलीकडनं चाललेत. ड्रायव्हर जरा गप्पच झाला, मग म्हणाला, मिस्त्री आमचा पाईपवाला पोरगा तर रोज मागंच उभा असतो.

आमचे आजोबा रात्री बैलगाडी हाकायचे तर आखाजवळ कंदील टांगायचे, मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून. शाळा न शिकलेल्या माणसाला हे कळत होतं.

टेंडरच्या कागदात काय लिहिलेलं असतं ते ठेकेदाराच्या मुकादमानं मला दाखवलं. ब्लिंकर लाईट, १ नग. बस्स. कुठं बसवायचा, किती लांबून दिसला पाहिजे, दिवसा दिसला पाहिजे का रात्री, काही नाही. मग ठेकेदार पुण्याला नाना पेठेत जातो, सगळ्यात स्वस्त लोहचुंबकवाला दिवा घेतो, टपावर चिकटवतो, फोटो काढतो, फोटो बिलाला जोडतो. लोहचुंबकवाला दिवा तसा वाईट नाही, अडीअडचणीला बरा, पण टपाला धूळ असली की पहिल्याच खड्ड्यात खाली येतो आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधली त्याची पिन हलून हलून सैल होते, दिवा आपला लागला तर लागला.

रंगाचं पण सांगतो कारण ते लोकं फार विचारतात. निम्मे गिऱ्हाईक म्हणतात लाल-निळा टाका, पोलिसांची गाडी वाटते, माणसं घाबरून बाजूला होतात. मी टाकत नाही. १ मे २०१७ पासून साहेब लोकांचे लाल दिवे गेले, आणि लाल निळा पांढरा हे रंग पोलीस, फायर ब्रिगेड आणि आपत्तीच्या कामाच्या गाड्यांसाठी ठेवलेत. खड्डे बुजवायचा टेम्पो काय आपत्ती नाही, खड्डा असेल एखादवेळेस. कामाच्या गाडीला पिवळाच पाहिजे, तो नारंगीकडे झुकणारा पिवळा, आपण अंबर म्हणतो तो. निळा रंग रात्री डोळ्यात घुसतो आणि त्याच्या आसपासचं काही सुधरत नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पिवळा दिसला की ड्रायव्हर समजतो की पुढं कोणीतरी हळू चाललंय किंवा थांबलंय. लाल-निळा दिसला की तो आधी मोबाईल खाली ठेवतो आणि बेल्ट लावतो, ब्रेक नंतर.

आता माझ्या हिशोबानं दिवे कसे पाहिजेत ते लिहितो, कुणा इंजिनिअर साहेबांना चूक वाटलं तर त्यांनी जरूर सांगावं. एक नाही, दोन दिवे, टाकीच्या मागच्या तोंडाला, वरच्या दोन्ही कोपऱ्यात. रात्री एकटा लुकलुकणारा पिवळा दिवा बघून मागच्याला वाटतं मोटरसायकलवाल्याचा इंडिकेटर चालू राहिलाय. दोन दिवे लांब लांब असले की गाडी केवढी रुंद आहे ते कळतं. वरच्या काठाच्या जरा खालीच बसवायचे, वर उभे नाही, कारण पाणी भरायच्या पॉईंटला वरून लोंबणारा पाईप पहिला दिवाच फोडतो, हा अनुभव आहे, एका टँकरचा मी दोन महिन्यात तीनदा बदललाय. टाकीला भोक पाडायचं नाही, शिडीला क्लॅम्प मारून पट्टी घ्यायची. त्याच्याखाली लाल रेडियम, आडवं, पूर्ण रुंदीभर, कारण दिवा बंद पडला तरी रेडियम बंद पडत नाही, फक्त पुसावं लागतं आणि तेच कोणी करत नाही.

दिवा एलईडीचा घ्या आणि १० ते ३० व्होल्ट लिहिलेला घ्या, म्हणजे ट्रॅक्टरवर पण चालतो, ट्रकवर पण आणि ती एका बॅटरीची भानगड येतच नाही. पाणी न शिरणारा पाहिजे, आयपी ६७ असेल तर उत्तम, टँकरच्या मागे पाणी आणि चिखल सोडून दुसरं असतं काय. बॅटरीतून वायर निघाली की लगेच हातभर अंतरात फ्यूज, मग रिले, म्हणजे दिव्याचा सगळा करंट स्विचमधून जात नाही, ड्रायव्हरपाशी स्विच आणि स्विचमध्ये बारका इंडिकेशनचा दिवा. दिव्याचं अर्थिंग टाकीच्या गंजक्या बोल्टवर घेऊ नका, वेगळी वायर चेसिसपर्यंत आणा, नाहीतर आज लागतो उद्या नाही. आणि कृपा करून बीएस सिक्स गाडीच्या कंपनी वायरिंगला सोलून जोड देऊ नका, टेललाईटची वायर सोयीची वाटते पण कधी गाडी चेक लाईट दाखवते, कधी वॉरंटीवरून शोरूमशी भांडण. अजून एक, ह्या एलईडी दिव्यांना एक जादाची बारीक वायर येते, लुकलुकायची पद्धत बदलायला. ती बरेचजण तशीच मोकळी सोडतात. पावसात ती पत्र्याला लागली की दिवा स्वतःच आपली पद्धत बदलत बसतो, कधी सावकाश, कधी लग्नाच्या वरातीसारखा. एकदा पद्धत ठरवली की त्या वायरीला स्लीव्ह घालून बंद करायचं. वेगाचं म्हणाल तर युरोपातल्या नियमात सेकंदाला २ ते ४ वेळा लुकलुक बसते, मी दोनच्या आसपास ठेवतो, डोळ्याला शांत पडतं.

आणि जास्त उजेड म्हणजे जास्त सेफ असं बिलकुल नाही. मागे एका ठेकेदारानं हौसेनं लांबलचक लाईटबार लावून घेतला. दिवसा बरा होता. रात्री मी स्वतः बाईकवरून मागून आलो तर डोळे इतके दिपले की पाईप धरून उभा असलेला माणूस मला दिसलाच नाही, तो अगदी वीसेक फुटांवर आल्यावर दिसला. त्याचं जॅकेट धुऊन धुऊन पांढरं पडलेलं, पट्ट्या सोललेल्या. म्हणजे ज्याच्यासाठी दिवा लावला तोच दिव्याआड गेला. दिवस-रात्र असे दोन मोड असलेले दिवे मिळतात, थोडे महाग पडतात, तेच घ्यावे. एका ट्रक टायरच्या पैशात तीन-चार गाड्यांचे दिवे वायरिंगसकट होतात, आकडा मी माझ्या बिलबुकातून सांगतोय.

नुसत्या दिव्यानं सगळं होतं असंही मी म्हणत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ म्हणून पुस्तक आहे, रस्त्यावर काम चालू असताना ट्रॅफिक कसं सांभाळायचं त्यावर, त्यात लांबून बोर्ड, मग तिरपे लावलेले कोन, मग काम, असं टप्प्याटप्प्यानं आहे. पण टँकर दर दहा फुटांवर पुढे सरकतो, त्याच्याबरोबर कोन कोण सरकवणार. म्हणून त्याच्यामागे लांब एक दुसरी गाडी पाहिजे, दिवे आणि बाणाचा बोर्ड लावलेली. ठेकेदार म्हणतो परवडत नाही. ठीक आहे, मग निदान पहिल्या गाडीचा दिवा तरी मागून दिसू दे.

ड्रायव्हर भावांची पण एक खोड. काम संपलं, टँकर रिकामा, डाव्या लेननं ५० नं घरी चाललाय आणि दिवे चालूच. ढाब्यावर उभा, दिवे चालूच. रोज विनाकारण पिवळं लुकलुकताना बघून लोकांची नजर मरते, मग खरंच पोरगा मागे उभा असतो तेव्हाही कोणी स्पीड कमी करत नाही. स्विचमधला बारका दिवा मी त्याच्यासाठीच टाकतो.

संबंधित खात्याच्या साहेबांना एवढीच विनंती, टेंडरमधल्या त्या एका ओळीत चार शब्द वाढवा, "मागून १८० मीटरवरून दिसणारे, २ नग", आणि बिल पास करताना टपाचा फोटो मागू नका, गाडीच्या मागे शंभर पावलं जाऊन रस्त्यावरून काढलेला मागा, एक दिवसा आणि एक रात्री. मोबाईल सगळ्यांकडे आहे.

त्या परवाच्या टँकरचा टपावरचा दिवा मी शेवटी काढलाच, मालकाची इच्छा म्हणून, आणि मागे दोन नवीन बसवले. पैसे अजून यायचेत. म्हणून पत्र छापलंत तर माझं आणि गॅरेजचं नाव घालू नका, निदान उधारी वसूल होईपर्यंत.

आपला,
एक वाचक, शिरवळ (जि. सातारा)