करंगळीकडची बाजू

सोलापूर,
१६ जानेवारी

प्रिय बाळू,

पत्र मिळालं. तुझी लेक फिजिओथेरपी शिकायला गेली, फार बरं वाटलं. 'आत-बाहेर म्हणायचं सोडून मीडियल-लॅटरल कशाला पाठ करायचं,' असं विचारते ना? तिला आमच्या आईच्या मनगटाचं सांग.

भोगीच्या सकाळी आई तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होती. तिसऱ्या भाकरीला हात आखडला. म्हणाली, "हितं, भायेरच्या बाजूला कळ मारतीय." परातीत हात पालथा, करंगळीकडची कड बाहेर, तिचं बरोबरच होतं. दवाखान्यात कागदावर मात्र 'मीडियल', म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडची बाजू! मी घाबरलो. इतकी वर्षं जनावरांवर इलाज करतोय. कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या अंगानं वर एक नख असतं, तो त्याचा अंगठा, आणि तीच बाजू मीडियल. मग आईची करंगळी मीडियल कशी?

डॉक्टरीणबाईंनी मला उभं केलं. हात खाली सोडा, तळवे पुढे करा. केले, तर करंगळ्या मांड्यांना लागल्या, अंगठे बाहेर गेले. माणसाच्या शरीराचं वर्णन असंच उभं धरून करतात, मग तो झोपलेला असो की भाकरी थापत असो. कुत्रा पंजे पालथे टेकून चालतो, म्हणून त्याचा अंगठा आत.

लेकीला म्हणावं, कोपर टेबलावर टेकव आणि तळहात उताणा-पालथा कर. अंगठ्याकडचं रेडियस हाड करंगळीकडच्या अल्ना हाडावरून तिरकं पलीकडे जातं, दुसऱ्या हातानं चाचपलं की कळतं. अल्ना जवळपास जागच्या जागी. म्हणून बाईंनी 'मीडियल' खोडून 'अल्नर', म्हणजे अल्नाकडची बाजू, असं लिहिलं. हात कसाही फिरवा, करंगळीकडची बाजू तीच. त्या एका शब्दानं माझा जीव भांड्यात पडला.

डावं-उजवंसुद्धा कायम पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. हे तिनं आत्ताच घोटून ठेवावं, नाहीतर एखाद्याच्या चांगल्या गुडघ्यावर सुरी चालेल.

काल गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात एका खिलाराच्या वशिंडावर हात ठेवून उभा होतो. त्याची पाठ आभाळाकडे, माझी मागे, तरी दोन्ही डॉर्सलच, म्हणजे पाठीकडची बाजू. नुसतं 'वर' म्हटलं असतं तर जुळलंच नसतं.

आईला पट्टा बांधलाय. भाकरी सध्या मी थापतो, ती शेजारी बसून पीठ किती घ्यायचं ते सांगते. शेंगाचटणी कुणाच्या तरी हाती धाडतो.

तुझा,
दत्ता