मऊ म्हणजे नेमकं किती मऊ?

महोदय,

दीड वर्षापूर्वी माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. हात बराच सावरला, बोलणंही परतलं, पण गिळणं मात्र अजून पूर्वीसारखं नाही. रुग्णालयातून घरी सोडताना कागदावर लिहून दिलं होतं, 'मऊ, पातळ आहार'. दुखणेकऱ्याला पातळ पेज द्यायची हे आपल्या अंगवळणीच पडलेलं. त्यामुळे आम्ही मुगाचं पाणी, ताक, पातळ वरण सुरू केलं. दर घोटाला ठसका. पंधरा दिवसांत न्यूमोनिया झाला आणि तिला पुन्हा दाखल करावं लागलं.

गिळताना श्वासनलिका वेळेवर झाकली गेली नाही, तर पाण्यासारखा पदार्थच सर्वांत आधी भलत्या वाटेने उतरतो, हे तेव्हा कळलं. काहींना तर ठसकाही लागत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ताच नसतो.

पुढे एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी (बोलण्याबरोबर गिळण्यावरही त्याच उपचार करतात) १० मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये पेज भरली, खाली लावलेलं बोट काढलं आणि दहा सेकंद मोजले. जवळजवळ सगळी गळून गेली. म्हणजे आमची पेज पाण्याइतकीच पातळ होती! आईसाठी ४ ते ८ मिली मागे उरायला हवी होती. खाण्यापिण्याचा दाटपणा आणि मऊपणा ठरवण्याची 'आयडीडीएसआय' ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात ० ते ७ अशा पायऱ्या आहेत आणि घरी सिरिंज, जेवणाचा काटा (फोर्क), चमचा एवढ्यावर तपासणी होते. आमटी-भात का सोसत नाही, तेही त्यांनीच समजावलं. आमटी पुढे पळते, शितं मागे राहतात. शिरा टाळूला चिकटतो. गुठळी नसलेलं पिठलं मात्र आईला छान उतरलं.

आता बाजाराकडे बघा. औषधाच्या दुकानात व्हॅनिलाच्या चवीची पोषणाची पावडर मिळते. पेयं दाट करणारी पावडर मागवून घ्यावी लागते आणि ती महागही पडते. आपल्या चवीचं, दाटपणा मोजून तयार केलेलं पाकीट मला कुठेच मिळालं नाही. मग घरोघरी भात, भाजी, वरण एकत्र मिक्सरमधून काढतात. तो करडा गोळा समोर आला की आई ओठ मिटून घ्यायची. ज्या बाईने पन्नास वर्षं घराला चवीचं खाऊ घातलं, तिच्या ताटात हे वाढताना लाज वाटते.

जपानमध्ये अशा पदार्थांच्या उत्पादकांनी २००२ साली संघटना उभी केली आणि चार पायऱ्या ठरवल्या. सहज चावता येणारं, हिरडीने चिरडता येणारं, जिभेने चिरडता येणारं, चावावंच न लागणारं. पाकिटावर तसं छापलेलं असतं. पुढे तिथल्या कृषी मंत्रालयानेही निळ्या, पिवळ्या, लाल खुणा आणल्या. आपण हिरवा ठिपका बघून शाकाहारी पदार्थ ओळखतोच ना? तशीच दाटपणाची खूण अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरवून द्यावी. नाचणीचं सत्त्व, कढण, पिठलं हे तर आपल्या बचत गटांच्या हातचे पदार्थ. त्यांना प्रशिक्षण आणि तपासणीची सोय मिळाली, तर मोजून केलेली पाकिटं त्या नक्की देऊ शकतील. तोंडाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतलेले, पार्किन्सन्सचे रुग्ण, थकलेले म्हातारे, यांतलं कोणी ना कोणी प्रत्येक गल्लीत आहे.

आमचा औषधवाला म्हणाला, "ताई, मागणीच नाही." मागणी दिसणार कशी? ही माणसं घरात, खाटेवर. मी आमच्या दोन गल्ल्यांत विचारपूस केली, तर पाच घरं निघाली. तिघांना दाट करणारी पावडर असते हेच ठाऊक नव्हतं. त्यांना आधी थेरपिस्ट बाईंकडे नेलं आणि मग पाच जणांची यादी औषधवाल्याच्या हातात दिली. आता तो दर महिन्याला सहा डबे मागवतो.

आपली,
एक वाचक, मिरज