एकोणसाठमधला सहा

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. यंदा दुसरीतल्या एका मुलीनं 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिलं. पूर्वी मी लाल रेघ मारून 'दहा वेळा लिहून आण' म्हटलं असतं. या वेळी शेजारी बसून विचारलं, "सहा कुठून आला गं?" ती म्हणाली, "बाई, तुम्ही साठ म्हणालात ना!" 'एकोण' आलं की नऊ लिहायचा, हे तिला ठाऊक होतं. 'एकोण' म्हणजे एक उणा, हे मात्र मी कधी दाखवलंच नव्हतं. मग काड्यांचे सहा गठ्ठे मांडले, एकाचं रबर सोडून एक काडी बाजूला काढली. पाच गठ्ठे, नऊ काड्या. तिनं स्वतःच ६९ खोडलं आणि विचारलं, "मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" तो प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला आहे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१ साठी 'वीस एक' असं संख्यावाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. मला ती सोय पटली होती. पण पुस्तक कुठलंही असो, 'सहा कुठून आला' हे शिक्षकालाच विचारावं लागतं.

हे विचारणं मला डी.एड.ला मिळालं नाही. नोकरीच्या बाराव्या वर्षी शेजारच्या शाळेतल्या एक बाई माझ्या वर्गात मागे बसल्या आणि नंतर म्हणाल्या, "चूक दिसली की तुम्ही लगेच बरोबर उत्तर सांगता. पोराला काय वाटलं होतं, ते राहूनच जातं." दोन रात्री मला झोप लागली नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं आम्हाला देता येतात. ती आम्ही करू. पण भर तासाला येणाऱ्या लिंक, उपक्रमांचे फोटो, 'तात्काळ' मागवलेले तक्ते यांत मुलीशेजारी बसायची ती दहा मिनिटं जातात. ते थांबवा.

आणखी एक करा. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सूचना वाचण्यातच वेळ जातो. त्यातले दोन तास मुलांच्या वह्यांना द्या. प्रत्येकानं आपल्याला न उलगडलेली एक चूक आणावी, सगळ्यांनी मिळून तिच्यामागचा विचार शोधावा. आणि आमच्यासारख्या शाळांना सत्रातून दोन दिवस बदली शिक्षक द्या. एक जण बाहेर पडला की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात, म्हणून आजवर मी कुणाच्या वर्गात मागे बसू शकलेले नाही.

आपली,
दुसरीच्या बाई