कालव्यात न गेलेली कालवा-सफर : तक्रार आणि परताव्याची मागणी

दिनांक : २ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : ॲम्स्टरडॅम येथील १४ मे रोजीची ‘कालव्यातील जेवण-सफर’ कालव्यात गेलीच नाही, तसेच शाकाहारी जेवणाची नोंद पाळली गेली नाही, त्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी आणि माझी पत्नी ८ ते १९ मे या काळात आपल्या युरोप सहलीत होतो. बाकी सहलीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच लिहितो. हॉटेले स्वच्छ होती, बसचालक सज्जन होता, सकाळचा नाश्ता वेळेवर मिळत होता. तक्रार फक्त एका संध्याकाळची आहे. पण या सहलीत आम्ही नाव नोंदवले ते त्याच एका संध्याकाळसाठी.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बहुतेक काळ नीरा डाव्या कालव्यावर गेला. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सोडणे, दारे उघडणे-मिटणे, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोहोचले की नाही ते पाहायला रात्री-बेरात्री मोटारसायकलवरून जाणे, यातच दिवस गेले. ॲम्स्टरडॅमबद्दल मी पहिल्यांदा वाचले ते नोकरीला लागलो तेव्हा. १६१३ पासून खणायला घेतलेले हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे कालवे शहराला अर्धवर्तुळासारखे वेढून आहेत आणि आजही त्यांतले पाणी समुद्रसपाटीच्या त्यांच्या मापापेक्षा सुमारे ४० सेंटिमीटर खाली राखले जाते. आमच्याकडे शेताला पाणी नेणारी चारी दोन वर्षे साफ केली नाही तर गवताने भरते. तिथे चारशे वर्षांपूर्वीचे कालवे जिवंत आहेत, त्यांच्या काठाने माणसे राहतात, आणि २०१० साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. ते पाण्यातूनच पाहायचे, असे मनात होते.

आपल्या माहितीपत्रकात पान क्रमांक १४ वर ही सफर ‘ऐच्छिक’ म्हणून दिली आहे. त्यासाठी माणशी ७,५०० रुपये वेगळे भरायचे होते. आम्ही दोघांचे १५,००० रुपये मार्चमध्येच भरले. पत्रकातला मजकूर असा आहे : ‘छोट्या उघड्या होडीतून ॲम्स्टरडॅमच्या ऐतिहासिक कालव्यांतून दोन तासांची निवांत सफर. सोबत पिझ्झा, चीज आणि थंड पेये. शाकाहारी पर्याय उपलब्ध. मावळतीच्या वेळी मागेरे ब्रुग हा दिव्यांनी उजळलेला पूल पाहण्याची संधी.’ शेजारी फोटो आहे. दहा-बारा माणसांची होडी, मध्ये लांब टेबल, टेबलावर खोकी उघडी ठेवलेली, मागे विटांची उभी अरुंद घरे. पत्नीने हा फोटो फ्रीजवर लावला होता.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त ॲम्स्टरडॅमशेजारच्या ॲम्स्टेलवीनला राहतो. तिथे आपली बरीच माणसे आहेत. त्याने फोनवर सांगितले होते, “काका, मी शनिवारी होडी ठरवतो, घरून थालीपीठं करून घेऊ, तुम्हाला तिन्ही कालवे दाखवतो.” मी त्याला नको म्हणालो. कंपनीकडे पैसे भरलेत, गटाबरोबर जाणे बरे दिसते, असे मला वाटले. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आपण पत्रकात लिहिले त्यावर आम्ही विश्वास ठेवला आणि हाताशी असलेली संधी सोडली.

१४ तारखेला दुपारी मोकळा वेळ होता. तेव्हा मी एकटा तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीत जाऊन ते पितळी गोल टोक पाहून आलो, ज्याच्या पातळीला ‘नॉर्माल आम्स्टरडाम्स पेल’ म्हणतात. उंची मोजायची ती शून्याची खूण. शेजारी काचेच्या उंच नळ्यांत पाणी आहे. एका नळीत १९५३ च्या महापुराची पातळी दाखवली आहे, साडेचार मीटरच्याही वर. मान वर करून पाहावे लागते. पानशेत फुटले तेव्हा पाणी कुठवर आले होते याच्या खुणा पुण्यात माझ्या वडिलांनी मला दाखवल्या होत्या, त्यांची आठवण झाली. पाणी किती वर येऊ शकते ते दुपारी पाहिले होते. संध्याकाळी त्याला आवरून कसे धरले आहे ते पाहायचे होते.

संध्याकाळी सात वाजता बस आम्हाला मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या मागच्या बाजूला, आय नावाच्या रुंद पाण्याच्या धक्क्यावर घेऊन गेली. तिथे उभी होती ती दोन मजली, काचेच्या छताची मोठी बोट. खाली रांगेने टेबले, वर गच्ची. मी ती पाहिली आणि तिथेच आपल्या टूर लीडरला म्हणालो, “ही बोट कालव्यात जाणार नाही.” हे ओळखायला फार शिकलेले असावे लागत नाही. तिथल्या कालव्यांवरचे कमानी पूल पाण्यापासून फार उंच नाहीत, म्हणून तर त्या शहरातल्या प्रवासी होड्या चपट्या आणि बुटक्या असतात. दोन मजली बोट त्या कमानीखालून नेणार कशी? टूर लीडर म्हणाला, “काका, सगळं पाणीच आहे की. जेवण छान आहे, बसा.”

बोट सुटली आणि पुढचा सव्वा तास त्या रुंद पाण्यातच फिरत राहिली. पलीकडच्या काठावरची सिनेमाची पांढरी इमारत, उंच मनोरा, गोदामे, नवी घरांची वसाहत, आणि परत. आमच्या काचेसमोरून निळ्या-पांढऱ्या फेरीबोटी सायकलवाल्यांना घेऊन या काठाहून त्या काठाला जात होत्या. त्या नगरपालिकेच्या आहेत, आणि त्यांना तिकीट नाही. माणशी साडेसात हजार देऊन आम्ही जे पाणी पाहिले ते त्यांतून कोणालाही फुकट पाहता येते.

मागेरे ब्रुग पाहिला नाही. अम्स्टेल नदीवरची ती दारे पाहिली नाहीत, जी ठराविक रात्री बंद करून कालव्यांतले जुने पाणी नव्या पाण्याने धुऊन काढतात. तेही एक आवर्तनच, आणि मला ते पाहायचे होते. पत्नीला उंच घरांच्या कपाळावरचे सामान ओढायचे आकडे पाहायचे होते. त्या घरांचे जिने इतके अरुंद आहेत की सामान बाहेरून दोराने, वरच्या तुळईच्या आकड्याला कप्पी लावून चढवतात. वर चढणारे सामान घासू नये म्हणून भिंती पुढे झुकवून बांधल्या आहेत. तिच्या माहेरी विहिरीवर रहाट होता. “रहाटासारखंच की,” असे ती फोटो बघून म्हणाली होती.

आम्ही धक्क्याला परत लागत असताना स्थानकाजवळच्या रेल्वे पुलाखालून दोन लहान होड्या आत चालल्या होत्या. आवाज नव्हता, विजेवर चालणाऱ्या असाव्यात. एकीत सात-आठ जण होते. मांडीवर पिझ्झ्याची खोकी, एका बाईच्या खांद्यावर शाल, एक लहान मुलगी पुलाच्या खालच्या विटांना हात लावायला हात वर करत होती. पूल आला तसे सगळे आपोआप खाली वाकले आणि होडी आत दिसेनाशी झाली. आपल्या पत्रकातला फोटो तोच होता. पत्नी माझ्याकडे पाहून काही बोलली नाही. बोट लागली तेव्हा पावणेनऊ वाजले होते. मे महिन्यात तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. मावळतीची सफर उन्हातच संपली.

आता जेवणाचे. हे लिहिताना मला अजून त्रास होतो.

माझी पत्नी माळकरी आहे. तुकोबांची पालखी आमच्या बारामतीवरून जाते आणि ती गेली अकरा वर्षे पालखीबरोबर चालते. आरक्षणाच्या अर्जात जेवणाच्या रकान्यात मी स्वतः लिहिले होते : ‘शुद्ध शाकाहारी, माळकरी, अंडेही चालत नाही.’ प्रत सोबत जोडली आहे. बोटीवर पहिली ताटली आली त्यात तपकिरी रंगाचे, बाहेरून कुरकुरीत, गोल गोळे होते आणि वाटीत मोहरीची चटणी. पत्नीने विचारले, “यात काय आहे?” टूर लीडर म्हणाला, “काकू, बटाट्याचंच आहे, आपल्या वड्यासारखं. घ्या.” तिने एक उचलून मोडला. आत बटाटा नव्हता, दाट तपकिरी रस्सा होता. ती तो तोंडाजवळ नेणार तेवढ्यात वाढणारी मुलगी टेबलापाशी आली आणि तिने चक्क ताटलीवर हात ठेवला. “नो, मॅडम. बीफ.” तो बिटरबालन नावाचा तिकडचा पदार्थ आहे आणि तो मांसाच्या रश्शाचाच करतात, हे तिने आम्हाला सांगितले. तिचे नाव मला माहीत नाही. तिने हात ठेवला नसता तर काय झाले असते याचा विचार मी अजून करतो.

तिने आत जाऊन विचारून आणले. शाकाहारी प्रवाशांची यादी त्यांच्याकडे आलेलीच नव्हती. मग तिने बटाट्याच्या काड्या आणून दिल्या, पण त्या त्याच तेलात तळलेल्या म्हणून पत्नीने घेतल्या नाहीत. पाव, लोणी आणि काकडीच्या चार चकत्या, हे तिचे त्या रात्रीचे जेवण. हॉटेलवर आल्यावर रात्री साडेदहाला तिने डोक्यावरून आंघोळ केली आणि माळ हातात धरून बराच वेळ बसून राहिली. मला म्हणाली, “तोंडात गेलं नाही ना, मग झालं.” मला मात्र झाले असे वाटत नाही.

२१ मे रोजी मी आपल्या कार्यालयात फोन केला. मला सांगण्यात आले की ‘स्थानिक कारणांमुळे मार्गात बदल होऊ शकतो’ असे अटींमध्ये लिहिले आहे. ती अट मी वाचली आहे. पूल दुरुस्तीला काढला, वारा सुटला, संप झाला आणि म्हणून मार्ग बदलला, तर मी एक शब्द बोललो नसतो. मी आयुष्यभर सरकारी कामे केली आहेत, ऐनवेळी काय काय घडते ते मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी कालवे बंद नव्हते, होड्या आमच्या डोळ्यांसमोर आत जात होत्या. शिवाय उतरताना मी बोटीच्या कप्तानाला विचारले. त्याने वही उघडून दाखवली : आपल्या गटाच्या ४४ जणांसाठी हीच बोट, याच फेरीसाठी, मार्चमध्ये ठरवली होती. म्हणजे आम्ही पैसे भरत होतो त्याच महिन्यात आपल्याला माहीत होते की बोट कालव्यात जाणार नाही. ४४ माणसांना चार लहान होड्या लागल्या असत्या, एक मोठी बोट स्वस्त पडली असेल. तो आपला निर्णय. पण मग पत्रकातला मजकूर आणि फोटो त्या दिवशीच बदलायला हवा होता, निदान आम्हाला एक फोन करायला हवा होता. मी पुतण्याला हो म्हणालो असतो.

टूर लीडरबद्दल एक विनंती. तो पंचविशीच्या आतला मुलगा आहे. कृपया सगळे त्याच्या माथी मारू नका. त्याला बोटीचा मार्ग कोणी सांगितला नव्हता आणि जेवणाची यादीही दिली नव्हती, हे त्यानेच दुसऱ्या दिवशी आमच्यापाशी कबूल केले, आणि काकूंच्या पाया पडला. माहीत नसताना ‘बटाट्याचंच आहे’ म्हणाला ही त्याची चूक. यादी न पाठवणे ही कार्यालयाची.

माझे मागणे असे. या सफरीचे दोघांचे १५,००० रुपये पूर्ण परत करावेत. पूर्ण सहलीची भरपाई मी मागत नाही, कारण बाकी सहल ठरल्याप्रमाणे झाली. माझ्या पत्नीला उद्देशून लेखी दिलगिरीचे पत्र पाठवावे, मराठीत, आणि त्यात बिटरबालनचा उल्लेख स्पष्ट असावा. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ असा छापील मजकूर नको. पत्रकातले पान १४ पुढच्या गटाआधी दुरुस्त करावे : एकतर खरोखर कालव्यात जाणारी होडी ठरवा, नाहीतर ‘बंदरातील मोठ्या बोटीवर जेवण’ असे सरळ लिहा आणि दर त्याप्रमाणे ठेवा. ज्याला तेच हवे असेल तो आनंदाने घेईल. आणि शाकाहारी, जैन, माळकरी अशी नोंद असलेल्या प्रवाशांची यादी प्रत्येक ठिकाणच्या स्वयंपाकघरात आधी पोहोचली आहे याची टूर लीडरकडून सही घ्या. आम्ही कालव्यावर दार उघडल्यावरही नोंदवहीत सही करत होतो, तेवढेच हे काम आहे.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. कागद तयार आहेत.

फोनवर बोलणी नकोत, कृपया लिहूनच कळवावे. १९ जूनपासून पुढचे काही दिवस आम्ही दोघेही पालखीबरोबर असू. त्या काळात उत्तर आले तर शेजाऱ्यांकडे देण्यास पोस्टमनला सांगून ठेवले आहे.

आपला,
(सही)
निवृत्त शाखा अभियंता, पाटबंधारे विभाग
बारामती

सोबत : १) आरक्षणाची आणि ऐच्छिक सफरीची पावती, २) माहितीपत्रकातील पान १४ ची प्रत, ३) जेवणाची नोंद असलेल्या अर्जाची प्रत, ४) धक्क्यावरील बोटीचे दोन फोटो, वेळेसह