राडारोड्याची भिंत

शांघाय,
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

तुझा मेसेज वाचला. ‘चीनच्या नव्या इमारती म्हणजे नुसतं एलेव्हेशन, बाहेरून देखणा दर्शनी भाग, आत बोंब!’ तू आर्किटेक्ट, मी स्ट्रक्चरवाला. हे भांडण आपलं कॉलेजपासूनचं. मोबाइलवर टाइप करून ते मिटायचं नाही, म्हणून हे पत्र.

जिथे तुझं बरोबर आहे तिथून सुरुवात करतो. तियानजिनचं बिनहाई ग्रंथालय तू फोटोत पाहिलं असशीलच. 2017 साली उघडलं. मधे पांढराशुभ्र गोल आणि भोवती लाटा उसळाव्यात तशी थेट छतापर्यंत चढलेली शेल्फं. एमव्हीआरडीव्ही या डच फर्मचं काम. वरच्या शेल्फांपाशी मागच्या खोल्यांतून पोचायची सोय मूळ आराखड्यात होती. पण पहिल्या रेखाटनापासून उद्घाटनापर्यंत सगळं तीन वर्षांत उरकायचं होतं, त्या घाईत ती सोय गळाली. आता वर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पुस्तकांची चित्रं छापलेली आहेत! आर्किटेक्टांचा या बदलाला विरोध होता म्हणे, पण बिल त्यांच्याच नावावर फाटलं.

आता शांघाय टॉवरचा पीळ घे. 632 मीटरची ही इमारत 2015 साली पुरी झाली. खालून बघताना पीळ नखऱ्याचा वाटतो. पण उंच, सरळसोट इमारतीला वारा भिडला की दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ती डोलू लागते. आकार वर जाता जाता फिरत गेला तर त्या भोवऱ्यांना एक लय सापडत नाही. विंड टनेलमध्ये मॉडेलं तपासून सुमारे 120 अंशांचा पीळ ठरवला. नेहमीच्या चौकोनी आकाराच्या तुलनेत वाऱ्याचा भार 24 टक्क्यांनी घटला. वाद्यावरचं कोरीवकाम काढलं तरी सूर बदलत नाही. पण हा पीळ काढलास तर इमारतच नव्याने डिझाइन करावी लागेल. हाच माझा निकष. विचित्रपणा काही काम करतो की नुसता उभा आहे?

या परीक्षेत बीजिंगचं सीसीटीव्ही मुख्यालय, म्हणजे तिथल्या सरकारी टेलिव्हिजनचं, माझ्या मते सगळ्यांच्या पुढे. रेम कूलहास आणि ओले शीरेन यांचं डिझाइन, अरप या इंजिनिअरिंग फर्मचं स्ट्रक्चर, उंची 234 मीटर. दोन मनोरे, दोन्ही 6 अंशांनी कललेले, आणि वर गेल्यावर हवेतच काटकोनात वळून एकमेकांना मिळालेले. तो कोपरा जवळजवळ 75 मीटर पुढे झेपावतो आणि खाली एक खांब नाही. काचेवर तिरक्या पट्ट्यांची जाळी आहे, कुठे दाट, कुठे विरळ. मी आधी ती सजावट समजून सोडून देणार होतो. पण ताण जास्त तिथे पट्ट्या वाढवल्यात आणि कमी तिथे काढून टाकल्यात. भूकंपाच्या पट्ट्यातलं शहर, त्यामुळे हिशेब किचकट. आणि तो सगळा हिशेब बाहेरच्या अंगाला, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. 2007 च्या अखेरीस दोन्ही मनोरे वर जोडायची वेळ आली तेव्हा जोडणी पहाटे केली. दिवसा उन्हाने दोन्हीकडचं पोलाद कमीजास्त तापतं. तेवढा फरक जोडात कायमचा अडकून बसला असता. तू या इमारतीला मस्ती म्हण, मी नाही म्हणणार नाही. बीजिंगकर तर तिला सरळ ‘मोठी चड्डी’ म्हणतात.

पुढे हे प्रकार सरकारलाच जड झाले. ‘विचित्र’ इमारती नकोत असा फतवा 2016 मध्ये निघाला आणि 2020 मध्ये 500 मीटरच्या वरच्या नव्या इमारतींवरही बंधन आलं.

पण मला खरं तर तुला निंगबो शहराबद्दल सांगायचंय. तिथलं इतिहास संग्रहालय 2008 चं, आर्किटेक्ट वांग शू यांचं. नव्वदच्या दशकात हा माणूस काही वर्षं गवंडी-सुतारांबरोबर साइटवर राबला. 2012 साली त्यांना प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं, चीनमध्येच राहून काम करणाऱ्याला पहिल्यांदाच. (बायको लू वेनयू बरोबरीची भागीदार, तिचं नाव पुरस्कारात नाही. हे मला पटलेलं नाही.) संग्रहालय उभं राहिलं तो भाग म्हणजे पाडलेल्या गावांची जमीन. त्याच गावांच्या विटा आणि कौलं भिंतींत रचली आहेत: करडी, तांबडी, काळपट, वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या जाडीची. तिकडे वादळात घरं पडली की गावकरी पडझडीचा माल वेचून घाईघाईने भिंत उभी करत, रीत तिथली. नवीन इतकंच, की ती एवढ्या उंचीला नेली आणि मागून काँक्रीटचा आधार दिला. बाकीच्या भिंतींना बांबूचं सेंट्रिंग, त्यामुळे काँक्रीटवर पेरं उमटलेली. कुठली वीट कुठे बसेल ते कुठल्याही ड्रॉइंगमध्ये बसणारं नाही, ते गवंड्याच्या हातात. ड्रॉइंगशिवाय मला झोप येत नाही हे तुला माहीत आहे, पण त्या भिंतीपुढे मी मुकाट्याने उभा राहिलो. तिथली वयस्कर माणसं भिंतीशी येऊन आपल्या गावची वीट शोधत असतील का, हे मात्र विचारायला भाषा नव्हती.

दिवाळीनंतर ये. शांघाय टॉवर तू मी नाही सांगितलं तरी बघशीलच, त्याला निमित्त लागत नाही. निंगबो आणि हांगझोऊ मात्र माझ्याबरोबर कर; हांगझोऊच्या कला अकादमीच्या कॅम्पसमध्ये वांग शू यांनी वीस लाखांहून जास्त जुनी कौलं वापरली आहेत.

आणि हो, तुमचा नारायण पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला म्हणतोस. बिल्डरशी करार सही व्हायच्या आत जुन्या विटा, तुळया आणि जोत्याचे दगड कोणाचे, हे कागदावर घे. डंपर एकदा गेला की विषय संपला. नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराचं डिझाइन तुझ्याकडेच आहे ना?

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अवधूत